थोरल्या आजोबांचा पत्ता

तुर्सुनाय दोरखंड घेऊन आली, तेव्हा वस्तीतले वडीलधारे, ओमुरझाक अक्साकाल, अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते. डोंगराच्या माथ्यावर पहिल्या बर्फाची पातळ साय धरली होती, आणि खाली ओढ्याकाठचे पॉपलर इतके पिवळे झाले होते की कुणी हळद सांडून गेल्यासारखं वाटत होतं.

"ये बाळ. घरचे बरे? मुलं बरी? गुरंढोरं बरी?"

"गुरंढोरं..." तुर्सुनायनं हातातल्या दोरखंडाकडे पाहिलं. "अक्साकाल, मी त्याच—"

"ते नंतर. आधी आत चल."

पाहुणा दारात आला की का आलास म्हणून विचारायचं नाही, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. तुर्सुनायला आत नेलं, दोरखंड खुंटीला अडकवला, दस्तरखान अंथरलं. गरम तळलेले बोरसोक आले, साय आली, जर्दाळूचा मुरंबा आला, मग मांसाचा रस्सा आला. तिनं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यात घासच गेला. उठताना मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली आणि अक्साकालांच्या बायकोच्या, सायराकानच्या, कानाशी लागली.

"एजे, राग मानू नका. माझी तांबडी गाय तुमच्याकडे बांधलीय ना?"

"आमच्याकडे? कोण म्हणतं?"

"मोबाईल म्हणतो."

तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर ओमुरझाक अक्साकाल पांढऱ्या घोड्यावर बसले होते, मोठी टोपी घालून, छाती पुढे काढून. खाली लिहिलं होतं: *या, बसा. आमचं दार उघडं आहे, दस्तरखान मांडलेलं आहे. तुमच्यावाचून घास उतरत नाही.* त्याखाली घराचा नकाशा.

"मी हरवलेल्या जनावरांचा पत्ता उघडला," तुर्सुनाय म्हणाली. "तांबडी गाय म्हणून शोधलं. हे आलं. पुन्हा शोधलं. पुन्हा हेच. म्हटलं, सरळ सांगायला संकोच वाटत असेल, पण इतक्या मायेनं बोलावतायत त्या अर्थी गाय इथंच असणार."

चहाच्या समोवाराशी उभ्या असलेल्या जिपारच्या हातातली किटली तिथल्या तिथे थांबली.

जिपार ही या घरची केलिन, म्हणजे सून. लग्नाआधी ती बिश्केकच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. दिवसभर काचेच्या खोलीत बसून दूरदूरची यंत्रं नीट चालली आहेत ना हे पाहायचं काम. लग्न करून ती या खोऱ्यात आली आणि सगळ्या खोऱ्याला पुरून उरणारं काम तिनं हेरलं. उन्हाळाभर सगळी जनावरं वरच्या कुरणांवर मिसळून चरतात. शरदात खाली उतरताना याची शेळी त्याच्या कळपात, त्याचं शिंगरू याच्या. मग बर्फ पडेपर्यंत माणसं दोरखंड घेऊन घराघरांतून फिरतात. जिपारनं यासाठी संकेतस्थळ बांधलं. हरवलं त्यानं फोटो टाकायचा, सापडलं त्यानंही टाकायचा, यंत्रानं जुळवून द्यायचं. कुरण समितीच्या अध्यक्षांनी, कुबातनी, स्वतः त्यासाठी पत्ता विकत घेतला आणि बाजाराच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत रंगवून टाकला. समितीला ते पसंत पडलं तर जिपारला इथेच पगारी काम. नाहीतर कंपनीतली जागा अजून तिची वाट पाहत होती. तिनं शहरात जायचं, नवऱ्यानं, तिलेकनं, कळपामागे डोंगरात राहायचं, आणि नवराबायकोनं सणासुदीला एकमेकांना पाहुण्यासारखं भेटायचं.

समिती शनिवारी बघायला येणार होती.

आणि तुर्सुनाय काही पहिली नव्हती. तिच्याआधी एक जण राखाडी गाढवासाठी येऊन जेवून गेला होता. दोघे भाऊ बैलासाठी येऊन मुक्कामाला राहिले होते. वरच्या वस्तीवरचा एक सज्जन तर उलट परकी बोकडी सापडली म्हणून ती घेऊन आला. मोबाईलवर फोटो टाकायला जावं तर अक्साकालच ये म्हणत होते, मग तो आला, जेवला, आणि बोकडी अंगणात बांधून गेला. तेव्हापासून ती तिथे उभी राहून सगळ्या घरादाराला शिव्या घातल्यासारखी ओरडत होती.

तुर्सुनाय गेल्यावर सायराकाननं सुनेकडे वळून कमरेवर हात ठेवले.

"का गं, ते यंत्र आहे की दवंडीवाला? सबंध खोऱ्याला जेवायचं आमंत्रण देत सुटलंय!"

"अपा, मी बघते."

"बघ बाई. तुझ्या यंत्राच्या खोलीत जातेच आहेस तर वर मान करून आकड्यांकडेही बघ. हिवाळ्याचं मांस टांगलं होतं तिथे. आता नुसते आकडे टांगलेत."

यंत्र होतंही तिथेच. यंत्राला गारवा लागतो आणि मांसालाही, म्हणून सासऱ्यांनी स्वतः मागच्या थंड खोलीतली एक फळी रिकामी करून दिली होती. एका बाजूला दह्याचा बुधला, दुसऱ्या बाजूला नमद्याच्या गुंडाळ्या, आणि मधे हिरवा दिवा लुकलुकवत सर्व्हर.

जिपार स्टुलावर बसली आणि एकेक दार ठोठावत गेली. सर्व्हर चालू आहे? आहे. जनावरांचं संकेतस्थळ जागं आहे? यंत्राच्या आतल्या बाजूनं हाक मारली तर ते लगेच ओ देत होतं. तांबड्या, काळ्या, बांड्या गाईंची रांग नीट उभी होती. मग बाहेरचं फाटक बंद आहे का? तेही सताड उघडं. मांडणीची फाईल तपासायला यंत्राला सांगितलं, तर यंत्र म्हणालं, सगळं ठीक आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद उघडली, तर ओळीमागून ओळ एकच गोष्ट सांगत होती: आला, मिळालं, गेला. आला, मिळालं, गेला. एकालाही परत पाठवलं नव्हतं. सासऱ्यांच्या घरात राहून यंत्रालाही वळण लागलं होतं.

तिनं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. हिरवा दिवा विझला, लागला. कमानीवरचा पत्ता उघडला. घोड्यावरून सासरे म्हणाले: *या, बसा.*

हे आमंत्रणाचं पान तिनंच केलेलं. अक्साकालांच्या ऐंशीच्या समारंभासाठी. समारंभ झाला, पान तसंच राहिलं, कारण त्यांना ते बघायला आवडायचं. एकाच यंत्रावर दोन पानं असायला काही हरकत नसते. येणारा प्रत्येक जण दारात एक नाव घेतो, अमक्याकडे आलोय म्हणून. यंत्र आपल्या फाईलमध्ये ते नाव शोधतं आणि त्याला तिथे पोचवतं. नाव सापडलं नाही तर मात्र फाईलमध्ये जो पहिला असेल त्याच्याकडे पाठवून देतं. आणि पहिले अर्थातच सासरे होते. घरातलं सगळ्यात मोठं माणूस सोडून दुसऱ्या कुणाला तिनं वर बसवलं असतं? थोरांची जागा दारासमोर, वरच्या बाजूला. गालिच्यावर तशी, तर फाईलमध्येही तशीच.

हे सगळं तिला ठाऊक होतं. न कळणारी गोष्ट एकच होती: लोक बरोबर नाव घेत येतात, तरी यंत्राला ते सापडत का नाही?

तिनं सासऱ्यांसमोर जाऊन मान खाली घातली.

"अताके, तुमचं पान थोडे दिवस उतरवून ठेवू का? दोष सापडेपर्यंत."

"उतरवून म्हणजे?"

"म्हणजे बंद."

ओमुरझाकनी टोपी काढली, आत काही अडकलंय का पाहिलं, पुन्हा घातली. फार राग आला की ते असं करत.

"पाहुण्यांचा ओघ लागलाय आणि मी दार लावून घेऊ? लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याचं मांस संपलं म्हणून त्यानं मोबाईल मिटला?"

"संपलंच आहे की," आतून सायराकानचा आवाज आला.

"मेंढ्या आहेत."

"होत्या!"

"तू तुझं काम कर बाळ," ते सुनेला म्हणाले. "पाहुण्यांचं मी बघतो. घाई नाही."

घाई होती. शनिवार उजाडला.

समितीची माणसं जीपमधून आली तेव्हा त्यांना अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओरडणारी बोकडी होती, तिच्याशेजारी लंगडी मेंढी, एक अनोळखी शिंगरू, कुणीतरी आणून बांधलेली तांबडी गाय, एक वैतागलेलं राखाडी गाढव. कुंपणाला दोरखंडच दोरखंड लटकत होते. आत तर बसल्याजागी कूस बदलायची सोय नव्हती. तुर्सुनाय पुन्हा आलेली, ती आदल्या संध्याकाळपासूनच आत. बैलवाले भाऊ गेलेच नव्हते. अध्यक्ष कुबात भला माणूस, जाडजूड, बोलण्याआधी खाकरणारा. त्याच्यामागे इसाक होता. कुरण समितीत इसाकचं काम एकच, नको म्हणणं, आणि तो ते मन लावून करायचा.

"आम्ही सकाळी पत्ता उघडला," कुबात खाकरून म्हणाला. "तपासायला. तर अक्साकालांनी इतक्या अगत्यानं बोलावलं..."

"बोलावलं तर आलात, उत्तम केलंत. वर बसा, वर बसा!" ओमुरझाक आनंदानं जागेवरच उंच झाल्यासारखे दिसले. मागच्या अंगणात शेजारी मेंढी कापायला घेत होते. सायराकान चुलीपाशी उभी राहून त्या मेंढीकडे पाहत होती. शेवटची चांगली मेंढी होती ती.

जिपारनं सगळ्यांना चहा दिला, मान खाली घालून मागे सरली आणि थंड खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. मांस शिजेपर्यंतचा वेळ तिच्या हातात होता. तिनं एर्मेकला फोन लावला. कंपनीत तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसायचा. जन्मानं, वाढीनं पक्का बिश्केकचा. मेंढी त्यानं ताटातच पाहिलेली.

"पुन्हा चालू करून बघितलंस?" एर्मेक म्हणाला.

"एर्मेक, शिव्या देईन."

"बरं बरं. जुनी साठवण पुसलीस?"

"माझी पुसली. लोकांचीही पुसली. एका आजीचा तर आख्खा मोबाईल पुसला गेला, ती अजून रडतेय."

"मग वाच. फाईल वाच. ओळ न् ओळ. गाळू नकोस, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस."

ती वाचू लागली. ही ओळ फाटकाची. ही कुलुपाची. ही आतल्या रस्त्याची. एर्मेक प्रत्येक ओळीला हूं म्हणत होता, पोथी ऐकणाऱ्यासारखा.

"...आणि ही नावाची," जिपार म्हणाली. "पुढची ओळ—"

"थांब. नावाची काय?"

"नावाची म्हणजे नावाची. पत्त्याचं नाव. ते बरोबर आहे."

"वाच."

"थोरले आजोबा."

बाहेर बोकडी ओरडली.

"कोण थोरले आजोबा?"

"अरे तेच. आमचे. ज्यांच्या नावाचं कुरण आहे, ज्यांच्या नावानं कुबातभाऊंनी पत्ता घेतलाय, ते."

"त्यांचं नाव थोरले आजोबा आहे?"

"नाही, नाव वेगळं आहे."

"मग जिपार," एर्मेक फार हळुवारपणे म्हणाला, दुखणाईताशी बोलावं तसं, "फाईलमध्ये तू नेमकं काय लिहिलंयस?"

तिनं ओळीकडे पाहिलं. आणि मग तिला ती दिसली. इतके दिवस शंभरदा नजर फिरली होती तिच्यावरून. उंबऱ्यावरून पाय उचलून टाकावा तशी नजरच ती ओळ ओलांडून जायची. तिथे स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: थोरले आजोबा.

सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही. सासऱ्यांचं नाही, त्यांच्या वडिलांचं नाही, आजोबांचं तर नाहीच नाही. घेतलं तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते, आणि घेणारीची नव्हे, तिच्या आईची. हे थोरले आजोबा म्हणजे सासऱ्यांचे आजोबा, बोरोनबाय. बोरोन म्हणजे हिमवादळ. त्यामुळे या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हिमवादळ हा शब्दही उच्चारला नव्हता. डोंगरावरून घोंघावत ते आलं की त्या म्हणायच्या, पांढरा वारा आला, शेळ्या आत घ्या. जिपारला हे कुणी शिकवावं लागलं नाही. नव्या नवलाईच्या दिवसांत जिभेनं वळण घेतलं, मग बोटांनीही घेतलं. फाईल लिहिताना नावाची जागा आली, बोटांनी अदबीनं वळसा घातला आणि पुढे निघून गेली.

आणि सगळं खोरं दारात येऊन म्हणत होतं, बोरोनबायकडे आलोय. यंत्र म्हणत होतं, असं तर कुणी इथे राहत नाही, इथे थोरले आजोबा राहतात. बरं, आलाच आहात तर वर बसलेल्या म्हाताऱ्याकडे जा.

एर्मेक हसत सुटला. हसता हसता खुर्चीवरून पडल्याचाही आवाज आला.

"झालं तुझं?"

"झालं. बदल आता ते. एक शब्द!"

"मला नाही येत."

"काय नाही येत?"

"लिहायला. ते नाव."

"अगं, जाऊन किती वर्षं झाली त्यांना!"

"म्हणून काय झालं? गेलेल्यांचा मान तेवढ्यानं कमी होतो?"

"दे, मी इथून लिहितो. मला आत येऊ दे."

"तू?" जिपारनं फोनकडेच रागानं पाहिलं. "ना भाऊ, ना दीर. परक्यानं बाहेरून येऊन आमच्या घरच्या थोरल्यांचं नाव लिहायचं, आणि अताकेंना पत्ताही नाही? ठेव फोन. उपकार झाले. खरंच उपकार झाले. ठेव."

तिनं दार किलकिलं करून सासूला खुणावलं. सायराकान पिठाचे हात पुसत आत आली. जिपारनं थोडक्यात सांगितलं. सासूनं ओळ पाहिली, यंत्र पाहिलं, सून पाहिली.

"म्हणजे माझ्या मेंढ्या यापायी गेल्या? तू गुणाची निघालीस म्हणून?"

"अपा, तुम्ही लिहाल?"

"मी?" सायराकान दोन पावलं मागे सरली ती बुधल्यावर आदळली. "अगं, मी या घरात आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली होती, आता बघ शेपूट राहिलंय. तेवढ्या काळात ते नाव ओठांवर आलं नाही. बाळंतपणात किंचाळले तेव्हाही नाही. आणि आता बोटानं घेऊ?" मग तिनं सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "हे नाही झालं तर तू शहरात जाशील?"

जिपारनं होकारार्थी मान हलवली.

"तिलेक डोंगरात, तू शहरात, आणि मी इथे या गाढवाबरोबर." सायराकाननं दार उघडलं आणि पुरुषांच्या गर्दीकडे पाहून पडद्याआडून हाक मारली, "अहो, जरा इकडे या. तुमच्या घरचं काम आहे."

ओमुरझाक आले. खोलीच्या दारात वाकले. सून बोलत होती आणि ते ऐकत होते. मधेच त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं. पण त्यांनी टोपी परत घातली नाही, हातातच ठेवली.

"लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "कुणी बघत नव्हतं. एकटी होतीस, यंत्र होतं. तरी लिहिलं नाहीस."

"हात गेला नाही, अताके."

म्हाताऱ्यानं नाक जोरात शिंकरलं. "सरक. मला बसू दे. कुठे आहेत अक्षरं?"

ती अक्षरं त्यांच्या सवयीची नव्हती, म्हणून ती बोटानं कळ दाखवायची आणि ते दाबायचे. एकेका अक्षराचं नाव होत नाही, त्यामुळे दाखवायला हरकत नव्हती. कोकरांचे कान खुणेसाठी कापून कापून जाड झालेलं ते बोट पहिल्या अक्षरावर नीट पडलं. दुसऱ्यावर पडलं आणि तिथेच राहिलं.

"अताके, उचला, उचला!"

पडद्यावर ओळभर ओ उमटले.

"हे काय झालं?"

"जास्त झाले. पुसू का?"

"पूस. आजोबा डोंगरावरून हाका मारल्यासारखे वाटतायत."

बाहेर मांसाचा वास दरवळला. चमचे वाजू लागले. शेवटचं अक्षर दाबून झालं आणि ओमुरझाकनी पूर्ण नाव मोठ्यानं, गळा भरून वाचलं. दोघी बायकांनी एकदम माना वळवून भिंतीकडे तोंडं केली. मग म्हाताऱ्याचं लक्ष फाईलच्या वरच्या भागाकडे गेलं.

"हे वर कोण आहे?"

"तुम्ही."

"आणि आजोबा?"

"ते खाली. हे काम नंतर आलं ना, म्हणून—"

"खाली?" अक्साकाल ताडकन उठले, डोकं रिकाम्या आकड्यावर आपटलं, पण त्यांना कळलंही नाही. "मी आजोबांच्या वर बसलोय? लोकांसमोर? कधीपासून? मला उतरव! आत्ताच्या आत्ता उतरव आणि त्यांना वर बसव!"

जिपारनं थोरल्या आजोबांना उचलून सगळ्यांत वर नेलं, सासऱ्यांना अदबीनं खाली ठेवलं, आणि यंत्राला फाईल पुन्हा वाचायला लावली. हिरवा दिवा लुकलुकला. मग तिनं मोबाईलवर कमानीवरचा पत्ता उघडला, कुबातनी पाठवलेला दुवा नुसता दाबून.

घोडा आला नाही. गाई आल्या. तांबड्या, काळ्या, बांड्या, एकेकीखाली तिच्या मालकाचं नाव.

ती थंड खोलीतून बाहेर आली तेव्हा बाहेर भलतंच घडलेलं होतं. जेवता जेवता बोलणं निघालं होतं, आणि बैलवाल्या भावांपैकी धाकट्याच्या तोंडून गेलं होतं की अंगणातली तांबडी गाय त्यांनीच सकाळी घरून मागवून बांधली, त्यांच्या कळपात आली होती. तुर्सुनाय घास टाकून धावली होती आणि आता गाईच्या गळ्यात पडून तिला बेइमान, भटकभवानी, माझी सोन्याची असं आळीपाळीनं म्हणत होती. गाढवालाही मालक मिळाला होता. बोकडीला कुणी घेत नव्हतं, पण तिच्या मालकाचाही पत्ता लागला होता.

"चमत्कार!" इसाक मांडीवर थाप मारून म्हणाला. "हरवलेला इथे येतो, सापडलेला इथे येतो, एका दस्तरखानावर बसतात, जुळून जातं. मी इतकी वर्षं नको म्हणतोय, पण याला हो म्हणतो!"

जिपारनं मोबाईल पुढे केला. "इसाकभाऊ, आता ते दुरुस्त झालंय. आता घरबसल्या दिसेल."

सगळ्यांनी पत्ता उघडून पाहिला.

"आणि जेवण?" इसाकनं विचारलं.

"जेवण नाही."

"मग यात काय आहे? गाई आहेत. गाई बघायला आम्हाला डोळे आहेत. यासाठी पगारी माणूस? अध्यक्ष, पहिलं होतं ते बरं होतं. ते ठेवा. नाहीतर माझं मत नको."

"पहिलं ठेवा," बैलवाले भाऊ म्हणाले.

"खुशाल ठेवा," चुलीपाशी उभी राहून सायराकान म्हणाली. "उद्यापासून पत्त्यावर इसाकचा फोटो लावू. घोड्यावर बसवून."

इसाक तरी हो काही म्हणाला नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती. कुबात खाकरला. "मत घेऊ," तो म्हणाला. "हात वर करून. पण जेवण आटोपल्यावर. तोंडात घास असताना समितीचं काम नको." आणि त्यानं जिपारकडे पाहिलं; त्या पाहण्यात आधीच थोडी क्षमायाचना होती. तिला ती ओळखता आली. शहरातल्या काचेच्या खोलीचा थंडावा तिच्या अंगावरून सरकत गेला.

हात धुवायला पाणी फिरलं. शेवटचा चहा झाला. मग सगळे सावरून बसले आणि सगळ्यांत मोठे म्हणून ओमुरझाकनी दोन्ही तळवे वर धरले, अन्नाचा आशीर्वाद मागायला. त्यांच्यापाठोपाठ सगळ्यांचे तळवे वर झाले, कुबातचे, भावांचे, तुर्सुनायचे, दारात उभ्या असलेल्यांचे, इसाकचे. आशीर्वाद पुरा होऊन थोरला माणूस ओमिन म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नसतात. कितीही वैर असो, घेत नाहीत.

*घरात धान, ओढ्याला पाणी,*
*गळ्यात घंटा, घंटेला गाणी...*

अक्साकालांनी सुरुवात केली होती. तेवढ्यात, पुरुषांच्या मधे आजवर कधी न आलेली सायराकान चुलीपासून पुढे आली.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "ज्यांना वाटतं आमच्या केलिननं इथेच राहावं आणि हे काम करावं, त्यांचे हात मोजून घ्या. वरच आहेत."

कुबातनं स्वतःच्या वर झालेल्या तळव्यांकडे पाहिलं. मग एका कोपऱ्यापासून, ओठ हलवत, मोजायला लागला.

"हे... हे चालत नाही!" इसाक म्हणाला. पण हात त्याचेही वरच होते. तो त्यांच्याकडे असा बघत होता, जणू कुणा दुसऱ्याचे हात त्याच्या खांद्यांना येऊन लागलेत.

"शूं," बैलवाला भाऊ म्हणाला. "आशीर्वाद चाललाय."

आणि तो चाललाच होता. ओमुरझाकनी बायकोकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून ते नुसते लांबवत गेले. गाईला वासरू लाभो, घोडीला शिंगरू. गाढवाला अक्कल, बोकडीला मालक. इसाकच्या मेंढ्यांना जुळी होवोत आणि इसाकला हो म्हणायची वाचा. डोंगरात असेल त्याला शेकोटी, शेकोटीपाशी त्याची माणसं. कुबात दारापाशी पोचला, परत फिरला, समितीच्या माणसांना एकदा निराळं मोजलं.

"सगळे," तो म्हणाला. "एकमत."

"ओमिन," अक्साकाल म्हणाले.

सगळ्यांनी तळवे चेहऱ्यांवरून खाली ओढले. जिपारनंही ओढले, आणि तिचे ओले झाले.

"कपट आहे हे," इसाक म्हणाला.

"आहेच," सायराकान म्हणाली. तिनं त्याची वाटी घेतली. चहा या खोऱ्यात नेहमी घोटभरच ओततात, पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा म्हणून; काठोकाठ भरलेली वाटी हातात आली की समजायचं, आता उठा. तिनं किटली वाकडी केली आणि ओतत राहिली, ओतत राहिली, चहा काठाला टेकून थरथरायला लागेपर्यंत, आणि दोन्ही हातांनी मोठ्या अदबीनं वाटी इसाकपुढे धरली.

इसाकनं वाटीकडे पाहिलं आणि आपली टोपी शोधायला लागला.